डावा काठ कोणाचा?

माझ्या तुकडीतले नाईक विलास साबळे यांच्यावर अन्याय झाला तो सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, तराईतल्या एका पुरात. तो मी केला. तेव्हा मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये कॅप्टन होते. आता फौज सोडली आहे, दिल्लीत द्वारकेला राहते. हे लिहायची वेळ आणली ती आमच्या सोसायटीच्या कयाक ट्रिपने.

गेल्या रविवारी क्लबहाऊसमध्ये प्लॅनिंग होतं. चार दिवस, जंगलातली नदी, मोबाइलला रेंज नाही. माझ्याशिवाय सहा जण, त्यातला एकही कधी कयाकमध्ये बसलेला नाही. पाऊण तास टी-शर्टच्या रंगावर गेला. मग ट्रिपचा लीडर निखिल याने स्क्रीनवर एक्सेल लावलं. ‘डे टू : लेफ्टला कॅम्प. राइटला खडक, टाळणे.’

“कोणाच्या लेफ्टला?” मी विचारलं.

“अच्छा, आता लेफ्ट-राइट पण शिकवणार का, कॅप्टन मॅडम?”

सगळे हसले. मी का हसले नाही ते सांगते.

पुरात आमचा दिवस ठरलेला असे. साडेचारला उठायचं, पाचला बोटी पाण्यात, मग गावातली माणसं बाहेर काढायची. साबळे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. निघण्याआधी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघत. त्या दिवशी त्यांची बोट ओंडक्यावर आपटून उलटली. दोन जवान वाहत आमच्यापर्यंत आले, त्यांना उचललं. सहा चाळीसला रेडिओ वाजला.

“मॅडम, साबळे. लेफ्ट बँक. सावरीचं झाड धरलंय. ओव्हर.”

“आलोच. धरून राहा. ओव्हर.”

नदीचा डावा काठ म्हणजे पाणी जातं तिकडे तोंड केल्यावर डावीकडचा. हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. मला पाठ होतं. पण आम्ही खालून वर, प्रवाहाविरुद्ध चाललो होतो, आणि मी माझा डावा हात बघितला.

“लेफ्ट!” मी ऑर्डर दिली. बोट वळली. अकरा मिनिटं आम्ही चुकीचा काठ शोधला. मग रेडिओवर साबळे : “मॅडम, तुम्ही समोर दिसताय. इकडे या.”

पलीकडे पोचलो तेव्हा झाड नव्हतं.

नंतर लोक म्हणाले, साबळे चुकीच्या काठाला गेले. मी लेखी दिलं : ते त्यांनी सांगितलेल्या काठावरच होते, चुकीच्या काठावर मी होते. तरी त्यांच्या बायकोला गावात अजून विचारतात, “ते तिकडे गेलेच कशाला?”

क्लबहाऊसमध्ये हे सगळं सांगितलं. मग निखिल म्हणाला, “सॉरी यार. पण आपण तर खालीच जाणार ना? आपला लेफ्ट तोच नदीचा लेफ्ट.”

“कयाक भोवऱ्यात गरकन फिरते, निखिल. तोंड प्रवाहाच्या उलट होतं. आणि घाबरलेला माणूस नदी बघत नाही, स्वतःचा हात बघतो.”

“बिल्कुल. चलो, ग्रुपवर मेसेज टाक ना.”

मेसेज! एक माणूस गेला त्या शब्दापायी, आणि यांना मेसेज हवा. त्यावर अंगठे येणार, आणि पुन्हा टी-शर्ट.

मी मेसेज टाकला नाही. तुम्हीही अशी ट्रिप ठरवत असाल, तर तुमच्याकडून मला अंगठा नको. बरोबरच्या प्रत्येकाला उभं करा. डावा काठ दाखवायला सांगा. मग त्याला उलटं फिरवा आणि पुन्हा विचारा. ज्याचा हात चुकेल, त्याला पाण्यात उतरू देऊ नका.