दुखतं का गं?

उन्हाळ्यात तलासरीकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजायला लागले, की पाल्याच्या त्या धुराने माझा उजवा अंगठा अजून आखडतो.

लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. राबासाठी रचलेला पाला उचलताना त्याच अंगठ्याला लाल विंचू चावला. आधी कळ डोक्यात गेली, मग दुखणं थांबलं आणि अंगाला दरदरून घाम फुटला. मला वाटलं, विष उतरलं. सासूबाईंना माझे हात थंडगार लागले, तशी त्यांनी रिक्षाच बोलावली.

दवाखान्यात गोळी देऊन डॉक्टर म्हणाले, "विष अंगात भिनलंय, म्हणून बोट दुखत नाही. गोळी लागू पडली की पुन्हा दुखेल. दुखलं की लगेच सांगा."

दुपारभर सासूबाई उशाशी बसून विचारत होत्या, "दुखतं का गं?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. उन्हं कलली तेव्हा अशी कळ आली की मी ओरडलेच, "आई, दुखतंय!" त्यांनी टाळी वाजवली आणि माझ्यासाठी आणलेले चिकू सगळ्या वॉर्डात वाटून टाकले, नातू झाल्यासारखे.

आता त्यांचे गुडघे धरलेत. तेल चोळताना मी विचारते, "दुखतं का हो, आई?"

"दुखतं ना," त्या म्हणतात, "जा, चिकू वाट!"