इंजिनाची कुरकुर आणि वहिनीचे मामा

कर्जत तालुक्यात ज्या कुणी नवी मोटारसायकल घेतली आणि माझ्या वहिनीच्या मामांना दाखवली नाही, त्याने ती महिन्याच्या आत ढकलत घरी आणली. याला अपवाद नाही. मी अपवाद शोधून पाहिला आहे, कारण कुणाचीही सत्ता निमूट मान्य करायची नाही हे आमच्या युवक मंडळाचं पहिलं कलम. तालुक्यात मामलेदार होते, सभापती होते, फौजदार होते. त्या सगळ्यांविरुद्ध मी पत्रकं काढली. मामांच्या बाबतीत एकच काढलं, तेही त्यांच्या बाजूने, आणि नेमका त्यानेच घोटाळा झाला. पण तो नंतर. आधी मामा.

त्या काळात मोटारसायकलीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. एवढी वाट बघून आलेली गाडी नगरहून आली की माणूस तिला घोडीसारखी सजवून मारुतीपुढे उभी करी. चाकाखाली लिंबं, हँडलला झेंडूचा हार, फुटलेल्या नारळाचं पाणी थेट टाकीवर. आणि गर्दीतून मामा यायचे. खाकी अर्धी चड्डी, पांढरी टोपी, कमरेला खोचलेला हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर. साखर कारखान्यात ऊस गाळतात त्या मिल हाउसमध्ये बावीस हंगाम फिटर म्हणून काढलेला माणूस. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं आणि कुणी हटकायचंही नाही. पहिल्यांदा ते हार काढायचे, कारण तो साखळीत जातो. मग एका तुपाच्या डब्यातून बैलाच्या नालेचा एक गंजका खिळा काढून मालकाच्या तळहातावर ठेवायचे, प्रसाद ठेवावा तसा. उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यांवर असे खिळे पेरलेले असतात. मामा रोज चालत जाऊन ते वेचत. तो खिळा आठ दिवस खिशात बाळगायचा, म्हणजे मांडीला टोचत राहतो आणि नजर रस्त्यावर राहते. हा मामांचा पहिला संस्कार. पंक्चर काढायला शिकवणं फार पुढचं.

गाडीला दागिने चढवणाऱ्यांवर मामांचा विशेष राग. श्रीगोंद्याकडच्या एका बागाईतदाराच्या चिरंजीवांनी नव्या गाडीला हँडलचे रंगीत गोंडे, मखमली सीट, दोन जादा दिवे आणि तीन सुरांचा भोंगा असा साज केला आणि ती मुद्दाम मामांना दाखवायला आणली. मामांनी तीन प्रदक्षिणा घातल्या. गोंडे डोळ्यात जातील, मखमल पावसात सडेल, जादा दिवे बॅटरी खातील, असा एकेका वस्तूवर निकाल देत गेले. पास झालं ते फक्त साडी गार्ड. बाईमाणसाचा पदर चाकात जात नाही, बाकी सगळा तमाशा, असं त्यांचं मत. जादा काही हवंच असेल तर एक प्लग, एक क्लचची वायर आणि हवा भरायचा पंप. चिरंजीव म्हणाले, पण शोभा? मामा म्हणाले, "बैलाच्या गळ्यात घुंगरं बांधली म्हून त्यो जास्त वढतो व्हय?" चिरंजीव रागावून गेले. पुढच्याच बाजारी त्यांचा भोंगा वाजता वाजता अडकला. भर बाजारात तो तिन्ही सुरांत रडत राहिला आणि बॅटरीने जीव सोडला तेव्हाच गप्प झाला. गाडी ढकलत आली, हे सांगायला नको.

पण मामांची खरी ख्याती कानाची. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. याला ते गाऱ्हाणं ऐकणं म्हणत. मग निदान: पिस्टनची रिंग झिजलीय, सायलेन्सरात काजळी धरलीय, याने पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकलंय. पेट्रोलमध्ये ऑइल कमी टाकणारा माणूस त्यांच्या हिशेबी गाईला उपाशी ठेवणाऱ्याच्या रांगेतला. मी गाडी घेऊन गेलो तोवर त्यांची पद्धत थोडी बदलली होती. ते मूठ कानाशी न धरता दातांत धरत. लाकडावर दातांचे व्रण पडले होते. मला वाटलं, वयाबरोबर विक्षिप्तपणा वाढलाय. दुसरा त्यांचा हट्ट असा, की जे बोलायचं ते तोंडासमोर येऊन बोलायचं, पाठीमागे बोलायचं नाही. हे तत्त्व मला इतकं आवडलं की मी ते एका पत्रकात मोठ्या अक्षरांत छापलं. मला वाटलं, हे नीतीबद्दल चाललंय.

माझी गाडी म्हणजे आमच्या मंडळाची. दुष्काळाचं साल होतं. तालुकाभर पाझर तलावांची नि खडी फोडायची कामं निघाली होती, आणि भर उन्हात हातोडा चालवणाऱ्या बायकांना प्यायला पाणी नाही, तान्ह्या पोरांना सावली नाही, याची दाद घ्यायला कामाकामावर फिरायला हवं होतं. नगरच्या एका वकिलांनी आपली जुनी मोटारसायकल मंडळाला देऊन टाकली. ती चालवायला कुणालाच येत नव्हती, म्हणून पुढारी या नात्याने मी पुढे झालो. परवा मिरजगावकडच्या कामावर जायचंय, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत शिकवा, असं मी मामांना सांगितलं. मामांनी मला चार दिवस हँडलला हात लावू दिला नाही. मागे बसायचं, डोळे मिटायचे आणि गाडी कितव्या गिअरमध्ये आहे ते त्यांच्या खांद्यावर तितक्या थापा मारून सांगायचं. चुकलं की पुन्हा राशीनच्या रस्त्याने एक फेरा. मी संतापलो. तिकडे बायका तहानल्यात आणि इथे मी आंधळी कोशिंबीर खेळतोय. मामा शांतपणे म्हणाले, "यंत्र आधी बोंबलत न्हाई, पुढारी. आधी कुरकुरतं. कुरकुर आयकली, तर बोंब आयकायची येळ येत न्हाई. तुजं सरकार ह्येच इसरलंय." त्या दिवसापासून मी मुकाट डोळे मिटले.

पाचव्या दिवशी हँडल मिळालं, आणि त्याबरोबर मामांची रस्त्यावरची सगळी विद्या. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक नाही. धुळीत वेग नाही, कारण धुळीच्या आत बैलगाडी असते. आणि बैलगाडी ओलांडताना गाडीवानाकडे बघायचं नाही, बैलाच्या कानाकडे बघायचं. कान मागे वळले की बैल बुजणार, क्लच दाबून थांबायचं. हा एकच धडा मी पाळला नाही, आणि मिरजगावच्या अलीकडे पत्रकांच्या गठ्ठ्यासह निवडुंगात गेलो. बैल माझ्याकडे बघत होता. त्याचे कान मागेच होते.

आता घोटाळा. एकदा राशीनहून येताना मामा गाडी चालवत होते, मी मागे होतो. एक एस.टी. मागून आली आणि हॉर्न देऊ लागली. मामा रस्त्याच्या मधोमध, मान किंचित वळवून मला कार्बुरेटर समजावत होते. हॉर्न थांबेना. कंडक्टर बसच्या पत्र्यावर थापा मारू लागला. शेवटी ड्रायव्हरने कडेच्या मुरमात चाक घालून बस पुढे काढली आणि खिडकीतून मामांच्या तीन पिढ्या उद्धारल्या. मामांनी हसून हात वर केला आणि म्हणाले, "रामराम!" मी पोट धरून हसलो. सरकारी गाडीला वाट न देणारा हा निर्भय नागरिक मला मंडळाचा अध्यक्ष करावासा वाटला. घरी जेवताना वहिनीला ही गंमत सांगायला घेतली आणि घास हातातच राहिला. रिंगेची कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला एस.टी. ऐकू आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा मामा पाठमोरे बसून पॉलिश पेपरने प्लग घासत होते. मी त्यांच्या मागे उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, मामा, मी आठ दिवस पेट्रोलमध्ये ऑइलच टाकलं नाही. हे वाक्य ऐकून मामा शेजारच्या गावातूनही धावत आले असते. ते प्लग घासत राहिले. मूठ दातांत धरायची ती थरथर हाडातून कळावी म्हणून, आणि बोलणं तोंडासमोर हवं ते ओठ वाचता यावेत म्हणून, हे मला तेव्हा कळलं.

मी परत आलो आणि मला येतं ते केलं. रात्री आठच्या आत पत्रकाचा मसुदा तयार. "साखर गोड, कान गेले: जाहीर सवाल." मिल हाउसमध्ये दोन माणसांना शेजारी उभं राहून बोलता येत नाही, तिथे बावीस हंगाम कामगार उभे करता आणि कानात घालायला कापसाचा बोळा देत नाही, हा कुठला सहकार? खाली ठळक अक्षरांत मामांचं नाव. मसुदा मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. एका यंत्राचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, ते पेन्सिलीने दुरुस्त केलं. मग म्हणाले, "समदं खरं हाय. फकस्त माजं नाव काढ."

मी म्हणालो, नावाशिवाय सत्य म्हणजे कुजबुज, हे आमच्या मंडळाचं दुसरं कलम आहे. मी तोंडासमोर बोललो होतो, त्यामुळे त्यांना कळलं. ते स्क्रू-ड्रायव्हरची मूठ अंगठ्याने चोळू लागले.

"बहिऱ्याकडं गाडी कोन आनंल रं?"

कलमं बाजूला ठेवून मी एवढंच म्हणालो, की तुम्ही गाडी चालवत राहिलात तर एक दिवस एस.टी. कडेच्या मुरमात उतरणार नाही. मामांनी लगेच हात पुढे केला. तू नाव काढ, मी हँडल सोडतो, असा सौदा. मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पत्रकातली एक ओळ खोडली आणि तिथे लिहिलं, "एक फिटर." त्या दिवसापासून मामा माझ्या मागे बसू लागले.

पत्रकं कारखान्याच्या दारात वाटली. पुढच्या रविवारी सकाळी मामांच्या अंगणात मिल हाउसमधले त्यांचे एक जुने सोबती आले, फार रागात. त्यांचं म्हणणं असं, की मामांच्या भाचीच्या दिराने आपली जाहीर बदनामी केली. तो "एक फिटर" म्हणजे आपणच, हे सगळ्यांना कळलंय. मामांना हे समजेपर्यंत दुसरे आले. तेही "एक फिटर". चहा उकळेतो तिसरे. प्रत्येकाने आपलं बहिरेपण बायकोपासूनसुद्धा लपवलेलं, प्रत्येकाची मामांना कळकळीची विनंती की हे कुणाला सांगू नका, आणि प्रत्येक जण आपल्याला स्वतःला ऐकू यावं इतक्या आवाजात गुपित सांगत होता. बाहेर पाण्याच्या टँकरपुढे रांग लागलेली. तीस-चाळीस बायका घागरी घेऊन स्तब्ध उभ्या. इतक्या शांतपणे ऐकणारी सभा मला आजवर मिळालेली नाही.

मामा एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्या तिघांना, म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलं, "मला वाटत हुतं मी येकलाच हाय."

दुपारपर्यंत कर्जतभर झालं. पुढच्या हंगामात कारखान्याने मिल हाउसमध्ये कापसाचे बोळे वाटले, आणि त्याच्या पुढच्या हंगामात वाटायचे विसरला. त्याचं पत्रक वेगळं काढलंय. पण त्या रविवारनंतरचे दोन रविवार मामांकडे एकही गाडी आली नाही. मामा अंगण झाडून, डबा शेजारी ठेवून बसत. मी उगाच माझी गाडी नेऊन उभी करायचो. तिला काही झालेलं नाही हे त्यांना हात लावताच कळायचं.

तिसऱ्या रविवारी मिशनच्या शाळेतले एक मास्तर आले. कोरी हिरवी मोटारसायकल, हँडलला हार. त्यांनी सगळं ऐकलेलं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. ते मामांच्या बरोबर समोर येऊन उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाले, नवी आहे, जरा बघता का? मामांनी आधी हार काढला. खिळा दिला. मग माझा दंड धरून मला पुढे ओढलं.

"मला आयकू येत न्हाई, मास्तर. ह्याला येतं. पन काय आयकायचं त्ये मला ठावं हाय."

तेव्हापासून हे असंच चाललंय. स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कानाशी, मामांचा तळवा टाकीवर. मी डोळे मिटून जे येईल ते त्यांच्या तोंडासमोर सांगतो: बारीक टकटक आहे, मामा, परातीत भाकरी थापल्यासारखी. वेग कमी झाला की मागे राहते. मामा विचारतात, कोरडी का वली? मी म्हणतो, कोरडी. मग मामा डोळे मिटून मान हलवतात, फार ओळखीचं कुणी बोलावं तशी. ती कुरकुर त्यांना टाकीतून कळते की नुसती आठवते, हे मी अजून विचारलेलं नाही.