डोक्याला बांधलेला उजेड

झेंडू तोडायला आम्ही पहाटे अंधारातच उतरतो, कारण उजाडायच्या आत माल नाशिकच्या फुलबाजारात पोचवावा लागतो. नवरा आणि मी वाकून तोडायचो, सासूबाई मोठी बॅटरी घेऊन बांधावर उभ्या राहायच्या. शेजारी ऊस आहे आणि उसात बिबट्या. खाली बसलेलं माणूस त्याला कुत्र्याएवढंच दिसतं, म्हणून एकानं उभंच राहायचं, ही आमच्याकडची रीत. सासूबाई उजेड फिरवत मोठमोठ्यानं बोलत राहायच्या, बहुतेक माझ्याविषयीच.

यंदा दसऱ्याआधी आम्ही दोघं नवी बॅटरी घ्यायला गेलो. ह्यांना लांब झोत मारणारी हवी होती. दुकानातून समोरच्या गच्चीवर उजेड पाडून बघत होते, जसा काही बिबट्या तिथंच राहतो. शेवटी डोक्याला बांधायच्या तीन घेतल्या. हात मोकळे, शिवाय उभं राहायला कोणी नको, सासूबाईही तोडतील. मलाही ते पटलं.

पण आपण वाकलो की हा उजेडही वाकतो. समोर आपली बोटं आणि फुलं, पाठीमागे सगळा काळोख. पहिल्याच पहाटे हे क्रेट टेम्पोत ठेवायला रस्त्याकडे गेले होते. शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं भुंकता भुंकता एकदम गप्प झालं. मी मान वर केली. सासूबाई पलीकडच्या सरीत खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या मागं, त्यांच्या डोक्याएवढ्याच उंचीवर, दोन डोळे चमकत होते.

ओरडले असते तर त्या दचकून वळल्या असत्या.

"आई, उभ्या राहा."

"कंबर धरलीय. थांब की जरा."

"उभ्या राहा. मागं बघू नका."

माझा आवाज ऐकून त्यांनी मुठीतली फुलं सोडली. गुडघ्यांवर हात देत सावकाश उठल्या. पुरत्या ताठ झाल्या तेव्हा ते डोळे विझले आणि ऊस सळसळला.

दुसऱ्या दिवशीचा तोडा टाळण्यासारखा नव्हता. दसरा तोंडावर आला होता. पहाटे मी मोठी बॅटरी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती माझ्याच हातात परत ठेवली.

"तू उभी राहा. मी तोडते."

"अहो आई, कालच तर..."

"तुला लेकरं हायेत," त्या म्हणाल्या आणि उसाकडच्या सरीत जाऊन खाली बसल्या.