मंजनाची किंमत

तुमचे आजोबा दिवसातून पाच वेळा दात घासत, तरी दात काळेच. कारण ते घासत गुडाखूनं. तंबाखू आणि गुळाचा तो काळा, ओलसर लगदा इवल्याशा डबीत मिळतो आणि रायपुरात पुष्कळ घरी चालतो. आमच्याकडे मात्र त्याला गुडाखू म्हणत नसत. वाणसामानाच्या यादीत तो 'मंजन' असे, साबण आणि काड्यापेटीच्या मध्ये.

रायपूर तेव्हा नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात भाडी वाढली, भाजी वाढली. मी, तुमची आजी, मुलींच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. त्याच सुमारास समता कॉलोनीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना आजोबांच्या गालाच्या आत पांढरा डाग दिसला. "अभी छोड़ देंगे तो ठीक हो सकता है," त्या म्हणाल्या. मी घाबरले. आजोबा स्कूटर सुरू करत म्हणाले, "मले कोणतं व्यसन आहे? मी तर दात घासून राहिलो."

तेवढ्यात दुकानदाराकडून कळलं की गुडाखू महागणार. मला आनंद झाला. पुस्तकात होतं की उद्या भाव वाढणार हे ज्याला कळतं तो आजच सवय कमी करतो, कारण आजची सवयच उद्या खर्चात टाकते. आजोबा त्याच संध्याकाळी दोन डझन डब्या घेऊन आले.

"सस्ता आहे तोवर घेऊन ठेवला," ते खुशीत म्हणाले. कपाट भरलेलं, मग काय, दिवसातून पाचऐवजी आठ वेळा दात घासणं सुरू झालं.

मी हे उदाहरण नाव न घेता वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, ये उपभोक्ता आपके घर में रहते हैं क्या?"

डब्या संपल्या. पुढच्या यादीत मी 'मंजन'च्या जागी 'तंबाखू' लिहिलं. आजोबांचे वडील तंबाखूपायी गेले होते, आणि आपण तंबाखूला कधी शिवलो नाही, हे आजोबा पाहुण्यांना अभिमानानं सांगत.

"हे काय लिहिलं?"

"डबीवर जे छापलंय ते."

"काहून पण? मंजन लिही ना."

"तुम्हीच खोडा आणि लिहा."

त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या कचेरीत गेली, आणि रजिस्टरात त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं. पेन उघडून ते बराच वेळ दारात उभे राहिले. मग पेन बंद करून गेले आणि साबण, काड्यापेटी घेऊन परतले. पुढचे पंधरा दिवस त्यांचं डोकं दुखे, माझ्यावर चिडचिड होई, खिशात बडीशेप असे. दोनदा शेजाऱ्याच्या डबीत बोटही बुडवलं, ते मला ठाऊक होतं.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंना डाग शोधावा लागला, आणि सापडला नाही. परत येताना आम्ही दुकानाशी थांबलो.

"बाबूजी, आजकल मंजन नहीं ले जाते?" दुकानदारानं विचारलं.

"नहीं भैया," आजोबा म्हणाले, "मेरे दाँत साफ हो गए."