रावसाहेबांचा सांधा

कोपरखैरण्यात गाड्यांचं इलेक्ट्रिक काम करणारी बाई एकच, जयमाला पाटील. माहेर उरणकडचं, मिठागरात राबणारं. तुर्भ्याच्या गॅरेजात रावसाहेब उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं काढली आणि मग स्वतःचा गाळा टाकला.

त्या सकाळी खांदेश्वरच्या चारुलताबाई आपली सेकंडहँड गाडी घेऊन आल्या. इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा, चार दिवसांनी विझायचा, पुन्हा लागायचा. स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला. धूर नीट साफ होतोय का, हे कॉम्प्युटरला कळवणारा तो सेन्सर.

"तो दोनदा बदललाय हो," बाई वैतागून म्हणाल्या.

"मग सेन्सर नाय, वायर बघू."

गाडी वर चढवली. मीटर लावून जयमाला वायर हलवत गेली. सायलेन्सरच्या वर एका जागी काटा उडाला. तिथली टेप कापली. वायरीत एक बारीक रेझिस्टर सोल्डर केलेला होता. कॉम्प्युटरला खोटं सांगायची सोय. त्याचा टाका उष्णतेने तडकला होता. तिने धूर साफ करणारा डबा ठोकून पाहिला. पोकळ. आतली जाळी कुणी तरी काढून नेलेली.

पण सांधा ओळखीचा होता. टेपखाली पांढरा दोरा, सात वेढे, शेवटी उलटी गाठ. असा सांधा तिच्या माहितीत दोघंच बांधत. उस्ताद आणि ती.

तिने तिथूनच उस्तादांना फोन लावून काय काय सापडलं ते सांगितलं.

"हो, माझंच काम," रावसाहेब शांतपणे म्हणाले. "आधीच्या मालकाला दिवा बंद हवा होता. जाळी मी नाही काढली."

"उस्ताद, दिवा का लागला ते शोधायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

त्यांनी एवढंच विचारलं, "टाका कुठून सुटला?"

तिने फोन ठेवला. सहा वर्षांतली आणखी किती कामं अशी असतील, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

तिने रेझिस्टर कापून काढला, नवी वायर सरळ जोडली आणि चारुलताबाईंना सगळं सांगितलं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"म्हणजे वर्षभर मी सोसायटीत हाच धूर सोडत होते?"

"होय ताई. आता दिवा लागूनच राहील. डबा बदलला की जाईल."

आठवड्याने नवा डबा बसला. स्कॅनरवर मागच्या सेन्सरची रेघ स्थिर धावू लागली. चारुलताबाई हसल्या. जयमालाला मात्र हसू आलं नाही.