छाटणीच्या दिवसांतला पेला

द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली की एक मृत्यू मला हटकून आठवतो. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर शहरात, इंदिरानगरात राहायला आलो, इथून बागा दिसत नाहीत, तरी आठवतो. नावं सांगत नाही. दोन्ही घरं अजून शेजारी नांदतात.

सायखेड्याकडच्या एका बागायतदाराला संध्याकाळी विहिरीपाशी दारू घेताना अचानक त्रास झाला. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, दम लागलेला. दवाखान्यात पोचेपर्यंत गेला. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, रक्त आणि बाटली रासायनिक तपासणीला पाठवली. मग घोटीला दुकान असलेल्या त्याच्या भावाचा ठाण्यात फोन आला. "दारू शेजाऱ्याने पाजली, साहेब. बांधावरून त्यांचं कायम वाकडं. त्यानेच काहीतरी घातलं."

शेजारी कांदा करणारा, द्राक्षाच्या वाटेला कधी न गेलेला. त्याला चौकशीला बोलावलं. "भांडण मिटवायलाच बसलो व्हतो," तो म्हणाला. "नको म्हणत व्हता, मीच आग्रह केला." झालं! नको म्हणणाऱ्याला आग्रह कशाला, हे मी त्याला उलटसुलट विचारलं. गोड बोलून विचारायची मला सवय नव्हती. तो ताठ बसून एवढंच म्हणायचा, "मी काय नाय घातलं." गावाने तोवर निकाल लावून टाकला होता, त्याच्या बायकोशी पिठाच्या गिरणीतही कुणी बोलेना.

अहवाल आला. बाटलीत फक्त दारू. व्हिसेऱ्यात नेहमीची कीटकनाशकं नाहीत. पोटात गेलेली दारूही जेमतेम पेलाभर. एवढ्याने धडधाकट माणूस मरतो कसा? मी प्रयोगशाळा गाठली. तिथल्या विश्लेषक बाई फटकळ होत्या. "तुम्ही नुसतं 'विषाचा संशय' लिहून मोकळे होता. आम्ही शोधायचं काय काय? तो दिवसभर काय हाताळत होता, ते आणा."

बागेतल्या शेडमध्ये कॅन सापडला. छाटणीनंतर वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध. बागायतदार त्याला पेस्ट म्हणतात. त्या दिवशी त्याने ते हातमोज्यांशिवाय लावलं होतं. कॅनमधला नमुना आणि अंगावरचे कपडे पाठवले. कपड्यांवर तेच रसायन निघालं. दारू शरीरात मोडताना एक विषारी घटक तयार होतो. बाईंनी रक्तात तो मोजला, तर भलताच जास्त. पेस्ट अंगात भिनलेली असली की तो घटक पुढे मोडत नाही, साचत जातो. कॅनवर बारीक अक्षरात सूचना होतीच: वापरानंतर काही दिवस मद्य घेऊ नये.

म्हणजे गुन्हाच नव्हता. ही बातमी द्यायला मी स्वतः गेलो, आणि खरं सांगतो, खुशीत गेलो. कांद्याच्या चाळीपाशी त्याला सगळं समजावलं. "तुम्ही सुटलात," म्हणालो.

तो खाली बसला. म्हणाला, "साहेब, तो म्हणला व्हता. आज पेस्ट लावलीय, उद्या बसू. मला वाटलं टाळतोय, अजून मनात धरून हाय. मीच म्हणलं, एवढा पेला घेतला तरच मिटलं समजीन."

पुढे वादातला तो बांध त्याने मयताच्या बायकोला सोडून दिल्याचं कळलं. माणूस मात्र खचला. संशय होता तोवर तो मान वर करून उत्तर देत होता. ते बळ मी नेलेल्या बातमीने गेलं, याचं आजही वाईट वाटतं. खरं लपवताही आलं नसतं. त्यानंतरच्या नोकरीत मी कुणालाही "तुम्ही सुटलात" म्हणालो नाही. तपास बंद झाला, एवढंच सांगायचो.