दोन गडग्यांच्या मधे

आईचं घराबाहेर पडणं एकदम बंद झालं नाही, हळूहळू झालं. आधी नात्यातली लग्नं सुटली, मग पौर्णिमेचं विहारात जाणं, मग सोसायटीच्या बागेतला बाक. दर वेळी कारण वेगळं. गुडघा दुखतोय, ऊन फार आहे, कोण जातंय एवढ्या गर्दीत. खरं कारण मला चादरींवरून कळलं होतं. लघवी तिच्या ताब्यात राहिली नव्हती. सगळी नोकरी तिने पालिकेच्या इस्पितळात नर्स म्हणून केली, परक्या माणसांचे बेडपॅन नाक न मुरडता उचलले, पण स्वतःबद्दलचं हे एक वाक्य तिला माझ्याजवळ बोलता येत नव्हतं. मीही कधी विचारलं नाही. चादर मशीनला लावायची, दुसरी अंथरायची, आणि दोघींनी टीव्ही बघायचा.

बोरीवलीत आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही. भाऊ परदेशात, रविवारी व्हिडिओवर दिसतो. माझं काम विम्याचं, लॉकडाऊनमध्ये घरून सुरू झालं. बाकीचे परत ऑफिसला गेले, मी घरूनच ठेवून घेतलं. दुसरा इलाज नव्हता. दुधाची पिशवी आणायला खाली उतरले तरी लिफ्टमध्ये फोन वाजायचा. "कुठे आहेस गं?" काही काम नसायचं. मी कुठे आहे एवढंच हवं असायचं.

त्या दिवसांत ऑफिसातल्या मैत्रिणीने मोबाइलवर एका गाडीचे फोटो पाठवले. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज. ड्रायव्हरसकट भाड्याने मिळते, कोकणात हवी तिथे न्या, समुद्राकाठी उभी करा आणि राहा. मी बाकीचे फोटो भराभर पुढे सरकवले आणि एकावरच थांबले. गाडीत संडास-बाथरूम होतं.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावला.

"चालत्या गाडीत जाता येतं?"

"येतं."

"दार नीट लागतं ना?"

"लागतं गं, कडी आहे."

ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "कोकण मी बघितलंच नाही. आपलं सगळं घाटावरचं. पाण्याचा टँकर आला की तोच आमचा समुद्र."

निघायच्या दिवशी गाडी सोसायटीच्या गेटबाहेर उभी राहिली तेव्हा वॉचमनने विचारलं, "मॅडम, शूटिंग कुठाय?" ड्रायव्हर हसला. मुलुंडचा, चाळिशीतला, सडपातळ माणूस. आधी तो मढला शूटिंगच्या व्हॅनिटी गाड्या चालवायचा. आईला हात देऊन वर चढवताना म्हणाला, "हिरोइनी बसवल्यात मी हितं. आज आईंचा नंबर." आई एवढी लाजली की मला बरं वाटलं. वाटलं, झालं, सुटलो आपण.

पहिला दिवस खरोखर झकास गेला. आई खिडकीशी बसून बोर्ड वाचत होती. पेण, माणगाव, महाड. वाटेल तेव्हा उठायची, दांडीला धरून मागे जायची, कडी लावायची, परत यायची. घाटात वळणं आली तेव्हा सुद्धा तिच्या चेहऱ्यावर ती घाबरी कळा नव्हती, जी रिक्षात बसली तरी यायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही सिंधुदुर्गात समुद्राशी पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की ती खाली उतरणार नाही.

"इथून दिसतंय ना चांगलं."

"अगं, पन्नास पावलंसुद्धा नाहीत. वाळूत पाय तरी बुडव."

"तू जा ना. मी काय अडवलंय तुला?"

मी गेले. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिले असेन, तेवढ्यात फोन वाजला. "गॅस बंद करायचा कुठून?" परत आले. गॅस बंदच होता. संध्याकाळी पुन्हा तेच झालं. मग मी जायचं सोडलं. आम्ही दोघी आत बसून खिडकीतून समुद्र बघायला लागलो, जसा घरी टीव्ही बघतो तसा. तिची गोळ्यांची डबी, माझा चहाचा कप, तिचं खोकणं, माझं "काय झालं" विचारणं. फरक एवढाच की इथे खोलीला एक दार कमी होतं. बोरीवलीत निदान मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहू शकायचे. इथे हात लांब केला की आई लागायची. मला रात्री धड झोप लागेना. वाटायचं, एवढा खटाटोप करून आपण घरच चाकांवर घालून आणलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका खाडीच्या तोंडाकडे निघालो होतो. मुख्य रस्ता खणून ठेवलेला होता. तिथल्या माणसाने हात करून वाडीतली आतली वाट दाखवली. ड्रायव्हर खाली उतरून थोडं चालून बघून आला, म्हणाला, "टेम्पो जातो म्हणतात. जाईल." वाटेच्या दोन्ही बाजूंना गडगे होते, म्हणजे लाल चिऱ्यांच्या छातीएवढ्या भिंती. एका वळणावर गाडीचं तोंड पुढे गेलं आणि ढुंगण मागे अडकलं. त्याने मागे घेतली. पत्रा असा करकरला की आईने कानांवर हात ठेवले. पुढे घेतली, पुन्हा तोच आवाज. उजवी बाजू एका भिंतीला टेकली, डावी दुसऱ्या. आणि आमचं दार डावीकडे होतं. मी ते ढकललं. चार बोटं उघडलं आणि चिऱ्याला थडकलं.

"वाट लागली," ड्रायव्हर म्हणाला आणि लगेच मागे वळून आईला म्हणाला, "काही नाही आई, काढतो."

पुढे त्याच्या बाजूचं दार हातभर उघडत होतं. तो अंग चोरून त्यातून बाहेर पडला. मीही कशीबशी पडले असते. आई पडू शकत नव्हती. तो गुडघा, ती उंच पायरी, तिचं अंग. त्यामुळे मी थांबले. धुराने आत खोकला यायला लागला म्हणून त्याने इंजिन बंद केलं, त्याबरोबर एसीही गेला. खिडक्या सरकवल्या तर टीचभर फट. त्यातून गडग्याचे वरचे लाल चिरे दिसत होते, त्यावरचं सुकलेलं शेवाळ आणि वर थोडं आभाळ.

हळूहळू माणसं जमली. उजवीकडच्या घरातली एक म्हातारी बाई गडग्यापलीकडे येऊन उभी राहिली. आईच्याच वयाची, वाळलेली, पदर खोचलेला. डावीकडून पन्नाशीतला एक गृहस्थ आला, तिचा चुलत पुतण्या. बोलण्यावरून लवकरच कळलं की दोन घरांचं या वाटेवरून वाकडं आहे, कोर्टात केस आहे, आणि एकमेकांशी बोलणं कधीच बंद झालंय. ड्रायव्हर म्हणत होता, वरचे थोडे चिरे काढले की गाडी निघेल, मी परत लावून देतो. पुतण्या म्हणाला, "काढा की, तिच्या बाजूचे काढा. माझ्या गडग्याला हात लावाल तर पोलिसांत जाईन. उद्या म्हणतील गडगा आत सरकवला." पण म्हातारीने सांगितल्याशिवाय तिच्या गडग्याला हात लावायचं ड्रायव्हरला धैर्य होईना.

मग आमची चौकशी सुरू झाली. म्हातारीने फटीतून विचारलं, "खयसून इलात गो?"

"मुंबईहून," आई म्हणाली.

"आडनाव काय तुमचा?"

आईने सांगितलं. बाहेर क्षणभर शांतता झाली. ही शांतता मी लहानपणापासून ओळखते. आईने तिच्या वॉर्डमधल्या आवाजात, स्वच्छ, पुढचंही सांगून टाकलं. "आम्ही बौद्ध."

"बरां," म्हातारी म्हणाली. "कोरी चाय चलात मां? दूध नाय."

चहा फटीतून आत आला. स्टीलचे दोन पेले, तिच्या हातात तिसरा, त्याच जोडीतला. आईने ते पाहिलं. मीही पाहिलं.

ऊन उतरायचं नाव घेईना. आत भट्टी झाली होती. मी आईला पेपरने वारा घालत होते आणि ती शांत होती, अगदी समाधानी म्हणावी इतकी. दोनदा उठून मागे जाऊन आली. म्हणाली, "आपलं एक बरंय, सगळं आतच आहे."

काय झालं मला कळलं नाही. मी ओरडलेच. "बरंय? काय बरंय आई? तुला बरंच वाटणार, तुला असंच राहायचंय. डब्यात! आणि तुझ्याबरोबर मी पण."

"मी तुला बांधून ठेवलंय का?"

"मग काय केलंयस? पाण्यात पाय ठेवला की फोन. लिफ्टमध्ये फोन. मला श्वास घ्यायला जागा दे गं!"

बाहेरची कुजबुज थांबली होती. सगळी वाडी ऐकत होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. आई ड्रायव्हरच्या सीटकडे बोट करून म्हणाली, "जा. ते दार उघडं आहे. जा ना."

मी गेले. सीटवरून पलीकडे सरकले, त्या हातभर फटीतून अंग ओढून काढलं, दंडाची सालटी निघाली. गडग्याला वळसा घालून म्हातारीच्या अंगणाच्या कडेला, फणसाच्या मुळावर जाऊन बसले. हवा लागली तशी रडायला आलं. वाट बघत होते की आता फोन वाजेल. वाजला नाही.

थोड्या वेळाने आवाज ऐकू आले. म्हातारी अजून तिथेच, फटीशी उभी होती. मी तिच्या पाठीमागे होते, तिला दिसत नव्हते. आईचा आवाज खालच्या पट्टीत होता, पण मला एकेक शब्द कळत होता.

"पोर चिडली. तिचं काय चुकलं? मी उतरतच नाही कुठे."

"कित्याक गो?"

"लघवी राहत नाही मला. उठेपर्यंत होते. लोकांत कसं जायचं?"

जे वाक्य तिने मला सांगितलं नाही, भावाला नाही, डॉक्टरलाही नाही, ते तिने गडग्याआडच्या एका अनोळखी बाईला सांगितलं. मी फणसाच्या मुळाला घट्ट धरून बसले.

म्हातारी म्हणाली, "माका पण तसाच. शिंकलंय की संपला. लुगड्याक काळो रंग बरो, तेवढ्यासाठीच नेसतंय."

आणि आई हसली. मोठ्याने, खो खो. हसता हसता म्हणाली, "अहो, हसवू नका, आता होईल." त्यावर म्हातारीही हसत सुटली. दोघी बायका भिंतीच्या दोन बाजूंना पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि पुतण्या काही न कळल्यासारखा चेहरा करून उभा होता.

हसणं थांबल्यावर म्हातारीने पदर पुन्हा खोचला आणि आपल्या गडग्याचा वरचा चिरा दोन्ही हातांनी हलवायला लागली.

"काकी!" पुतण्या म्हणाला. मला वाटतं, तो तिच्याशी फार वर्षांनी बोलला असावा. "काकी, केस चालू आसा. मगे माझ्या नावान बोंब मारशात."

"माझो गडगो आसा. ती म्हातारी आत उकडान मरतली, आणि मी चिरे मोजीत बसू?"

चिरा तिला हलेना. ड्रायव्हर धावला. मी उठून गेले. पुतण्या काही वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिला, मग शिवी हासडून त्यानेही खालचा चिरा धरला, पण काकीच्याच बाजूचा. स्वतःच्या गडग्याला त्याने शेवटपर्यंत हात लावू दिला नाही. उजवीकडे जागा झाली तशी गाडी सरकली, पत्र्यावर एक लांब ओरखडा उमटला, आणि ती वळणातून सुटून पुढच्या मोकळ्या जागेत उभी राहिली.

मी दार उघडलं. आई घामाने भिजली होती, साडी मागून ओली होती. नेहमीची आई "चल, निघू" म्हणाली असती. तिने हात पुढे केला. मी तिला उतरवून घेतलं. म्हातारीने आपलं काळं लुगडं आणून दिलं, आणि आई ते घेऊन तिच्या न्हाणीघराकडे चालत गेली, सगळ्यांच्या देखत, सावकाश.

त्या रात्री आम्ही म्हातारीच्या अंगणाबाहेरच गाडी उभी केली. आई तिच्या पडवीत जेवली आणि उशिरापर्यंत आली नाही. मी गाडीत एकटी होते. दार सताड उघडं ठेवून पलंगावर आडवी पडले. किती वर्षांनी अशी एकटी पडले होते, आणि आश्चर्य म्हणजे मला करमत नव्हतं.

परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो. आईने आत जाताना मला सांगितलं, "तू बाहेर बस." औषधाने थोडा फरक आहे, व्यायामाने थोडा, पॅड वापरायला ती तयार झाली आहे. पूर्ण बरं होणार नाही म्हणतात. दिवसा एक बाई येते, मी आठवड्यातून तीनदा अंधेरीला ऑफिसला जाते. फोन येतात, कमी येतात. कधी कधी चिडचिड होते, तेव्हा मी तिच्या तोंडावर बोलते आणि तीही बोलते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हल्ली तुमच्याकडून फार आवाज येतात हो." आईने गॅलरीतूनच उत्तर दिलं, "येऊ द्या."